चौगुनीत हलणारी माडी

काकूंची तक्रार अशी की वर मुली समेवर आल्या, की खाली कडीपाटातून पोळीवर माती पडते. वरच्या कथकच्या ताईंचं म्हणणं, बराबर (मात्रेला पायाचा एक ठोका) चालते, दुगुन (दोन ठोके) चालते, पण चौगुनीला (चार ठोके) माडी हलते. मालकांना या दोन्हींशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं, की हलणारा मजला म्हणजे पडणारा मजला, आणि पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांच्या नोटिसा निघतात तेव्हा आपलाही नंबर लागणार. त्यांना माझ्याकडून एका ओळीचा दाखला हवा होता. क्लास ठेवायचा की बंद करायचा, एवढंच लिहा.

तो दाखला एका ओळीत मावत नाही. म्हणून ही पोस्ट.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. रोजचं काम आरसीसीचं, पण पेठांमधले जुने वाडे अधूनमधून वाट्याला येतात आणि मला ते आवडतात. सिमेंटच्या स्लॅबबद्दल घरातली माणसं फक्त गळती आणि तडे सांगतात. लाकडी मजल्याबद्दल मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं, कारण तो पायाला कळतो. कपाटाच्या काचा वाजतात, फडताळातले पेले किणकिणतात, अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या लॅपटॉपचा पडदा थरथरतो. या तक्रारी मी हसण्यावारी नेत नाही. त्यांत बरीच मोजमापं दडलेली असतात.

आधी मजला कसा आहे ते. दिवाणखाना १२ फूट रुंद, म्हणजे साधारण ३.६ मीटर, आणि लांबीला ५ खण. प्रत्येक खणाला, दर ५ फुटांवर, एक सागवानी तुळई: ८ इंच रुंद, १० इंच उंच. तुळयांवर ३ बाय ४ इंची कड्या, फुटाफुटावर. कड्यांवर इंचभर जाडीच्या फळ्या. इथपर्यंत खालून दिसतं, आणि ते फार देखणं दिसतं. न दिसणारी गोष्ट वर आहे. फळ्यांवर ५ इंच माती, चांगली धुम्मस करून बसवलेली, आणि त्यावर नंतर कधीतरी टाकलेली शहाबादी फरशी. चौरस मीटरमागे सव्वातीनशे किलो होतात. त्यावर माणसं आणि किरकोळ सामान धरून मी हिशोबाला ३५० किलो घेतले.

आता मालकांच्या भीतीचा हिशोब. सागाचा लवचिकतेचा गुणांक, म्हणजे लाकूड किती ताठ याचा आकडा, चौरस मिलिमीटरला सुमारे १०,००० न्यूटन धरला, तर या वजनाखाली तुळई मधोमध साधारण ४.३ मिलिमीटर वाकते. त्यावर आयएस ८७५ या भारांच्या मानकात घरांसाठी दिलेला चौरस मीटरला २ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण २०० किलोंचा, भार टाकला की एकूण बाक ६.८ मिलिमीटरच्या आसपास जातो. आयएस ८८३ या आपल्या लाकडाच्या मानकात, खाली किंवा वर तडकणारं काही असेल तर गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६०व्या भागाची मर्यादा आहे. इथे ती १० मिलिमीटर येते. मजला आरामात पास. क्लासच्या २० मुलींचं वजन सरासरी ४० किलो धरा, सगळ्या मिळून ८०० किलो, आणि खोलीभर पसरले तर चौरस मीटरला ३०. वरच्या मातीफरशीच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही. मजबुतीसाठी मी सभागृहाचा ५ किलोन्यूटनचा भारही टाकून पाहिला. लाकूड शाबूत असेल तर तुळई तेवढं पेलते. ‘शाबूत असेल तर’ याकडे पुढे येते.

कागदावर सगळं ठीक आणि तरी माडी हलते, याचं कारण असं की वरचा सगळा हिशोब स्थिर वजनाचा आहे. नाचणारी मुलगी स्थिर नसते. मजल्याला स्वतःची एक लय असते, म्हणजे ढकलून सोडलं की सेकंदाला तो किती वेळा खाली-वर होतो ती वारंवारता. माजघरातल्या झोपाळ्याला नेमक्या वेळी बोट लावत राहिलं तर काकूंसकट तो उंच जातो. अवेळी कितीही जोर लावा, नुसता डुचमळतो. पायांचे ठोके मजल्याच्या लयीशी जुळले की मजल्याचंही तेच होतं. याला अनुनाद म्हणतात.

ही लय काढायची एक सोपी युक्ती आहे आणि ती मला फार उपयोगी पडते. अंगावरच्या नेहमीच्या वजनाखाली तुळई किती मिलिमीटर वाकते ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि १८ला त्याने भागा. ४.३ मिलिमीटर बाक, म्हणून सेकंदाला साधारण साडेआठ हेलकावे. साडेआठ हर्ट्झ. पण हे एकट्या तुळईचं झालं. तुळयांवरच्या कड्याही वाकतात. त्यांची स्वतःची वारंवारता १७च्या आसपास येते, आणि दोन्ही मिळून मजला साडेसात-पावणेआठवर उतरतो.

युरोपच्या लाकूडकामाच्या मानकात, म्हणजे युरोकोड ५ मध्ये, घरांच्या मजल्यांसाठी ८ हर्ट्झ हा उंबरठा आहे. त्याच्या खाली गेलात तर नेहमीचा हिशोब पुरत नाही, वेगळा अभ्यास करा, असं ते म्हणतं. हा आकडा आला चालण्यातून. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पण पावलाचा दाब गुळगुळीत नसतो, त्यामुळे दोनच्या पटीतही, म्हणजे ४, ६, ८ हर्ट्झला, थोडा थोडा धक्का जात राहतो. आठच्या पुढे तो इतका क्षीण होतो की अनुनादाची धास्ती राहत नाही. आणि योगायोग असा, की माणसाचं शरीर उभ्या कंपनांना सर्वात हळवं असतं तेही ४ ते ८ हर्ट्झमध्येच. तिथे सेकंदाच्या वर्गाला अर्धा सेंटिमीटर इतकं बारीक त्वरणसुद्धा जाणवायला लागतं.

गाळे मोठे झाले की हे दुखणं निघतं, हे सुतारांना मानकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. टॉमस ट्रेडगोल्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९व्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवलंय, की लांब गाळ्याच्या तुळया मिळतील तितक्या उंच घ्या, नाहीतर खोलीतली प्रत्येक वस्तू हलवल्याशिवाय माणसाला त्या मजल्यावर वावरता येणार नाही. पुढे १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये स्वेन ओल्सन यांनी हलक्या मजल्यांवर जे काम केलं, त्यावर युरोकोडचे हे नियम बेतलेले आहेत. ८ हर्ट्झ ही पहिली पायरी. दुसरी, मजल्यावर एका जागी १ किलोन्यूटन ठेवला तर तो किती दबतो. ही मर्यादा प्रत्येक देशाने आपापली ठरवायची, अर्ध्या मिलिमीटरपासून ४ मिलिमीटरपर्यंत. ब्रिटनने ४ मीटरपर्यंतच्या गाळ्याला १.८ मिलिमीटर ठरवली. तिसरी, एकच ठोसा मारला तर मजला किती वेगाने उसळतो.

हे नियम जसेच्या तसे आपल्या माडीला लावताना जरा जपून. तिकडचा लाकडी मजला म्हणजे उंच, बारीक कड्या, वर फळ्या किंवा बोर्ड, खाली छत. सगळं मिळून चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास. त्याची वारंवारता आठच्या बरीच वर असते आणि तो अडखळतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर. हलका असल्यामुळे प्रत्येक पावलाला दचकतो. आमच्या वाड्याची माडी त्याच्या सातपट जड. ती दचकत नाही. पण वजनामुळे तिची लय खाली ओढली गेलीय, आणि पहिल्याच पायरीवर ती काठावर येते.

दुसऱ्या पायरीची चाचणी आम्ही अगदी घरगुती पद्धतीने केली. सिमेंटच्या २ गोण्या म्हणजे १०० किलो, जवळपास १ किलोन्यूटन. माजघरात लोखंडी टेकू उभा करून त्यावर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं सुईचं यंत्र, बसवलं, त्याची सुई तुळईच्या पोटाला टेकवली, आणि वर बरोबर त्याच जागी गोण्या ठेवायला सांगितल्या. मधल्या तुळया ०.३ मिलिमीटर दबल्या. हिशोबाने ०.३७ यायला हव्या होत्या. फरक बरोबर दिशेला आहे, कारण माती आणि फळ्या भार थोडा शेजारच्या तुळयांकडे सरकवतात. दोन तुळयांच्या मधल्या कडीवर ०.९ मिलिमीटर आलं. ब्रिटिश मर्यादेच्या निम्मं. जिन्याकडच्या तुळईवर मात्र ०.७. हा आकडा मी वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग कंपनं. यासाठी प्रयोगशाळेतला महागडा सेन्सर असतोच, पण पहिल्या फेरीला फोन पुरतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, ते फोनमधल्या त्वरणमापकाची नोंद काढून देतं आणि तिच्यातल्या वारंवारताही वेगळ्या करून दाखवतं. घरी करून बघायचं असेल तर सतरंजी उचला, फोन फरशीवर थेट पालथा ठेवा, खाली मळलेल्या कणकेचा पातळ थर द्या म्हणजे तो उड्या मारणार नाही. तुळईच्या मधोमध ठेवा, भिंतीजवळ नको. टेकूपाशी मजला हलतच नाही. मग जवळ एकाने चवड्यांवर उभं राहायचं, टाचा २ इंच उचलायच्या आणि अंग सैल सोडून धप्पकन टाकायच्या. बाकीच्यांनी तेवढा वेळ स्तब्ध. आलेखात एक मोठा झटका आणि त्यामागे विरत जाणाऱ्या लाटा दिसतात. लाटा सेकंदाला किती, ही वारंवारता. त्या किती लवकर विरतात, ते डॅम्पिंग. सूक्ष्म कंपनांसाठी फोनवर विसंबू नका, त्याच्या स्वतःच्या सेन्सरचाच गोंगाट तेवढा असतो. पण मजल्याची लय तो बरोबर सांगतो.

मधल्या खणांत ९ हर्ट्झ आले. हिशोबापेक्षा जास्त, आणि जुन्या वाड्यांत असं बरेचदा होतं. तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली असतात, बसलेली माती फळ्यांना थोडी ताठ करते, आणि कागदावर आपण या दोन्हींना शून्य किंमत देतो. लाटा ३ हेलकाव्यांत निम्म्या होत होत्या. म्हणजे डॅम्पिंग ३.७ टक्के. लाकडी मजल्याला चांगलंच म्हणायचं. युरोकोड दुसरी माहिती नसेल तर १ टक्का धरायला सांगतो, ब्रिटिश २ धरतात. हा जास्तीचा भाग बहुतेक मातीचाच. कण कणावर घासतो आणि हालचाल जिरवतो.

जिन्याकडच्या खणात ७.४.

एवढं झाल्यावर मी ताईंना विचारलं, हलते म्हणजे नेमकी कधी हलते? माझा अनुभव असा की या प्रश्नाला लोक ‘नेहमीच’ किंवा ‘कधीकधी’ असं उत्तर देतात. ताईंनी फोनवर लेहरा, म्हणजे ताल धरायची पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावला, लय वाढवत नेली आणि म्हणाल्या, “हे बघा, मिनिटाला १३०-१३५ मात्रांच्या आसपास मधला भाग बोलायला लागतो. आणि जिन्याकडे ज्या मुली उभ्या असतात ना, त्या ११०लाच म्हणतात, ताई, खाली जातंय. मी त्यांना तिथून हलवते. मला वाटलं माझाच भ्रम असेल.”

भ्रम कसला. १३५ मात्रा, चौगुन म्हणजे मात्रेला ४ ठोके, मिनिटाला ५४०, सेकंदाला ९. मधल्या खणांची मोजलेली वारंवारता ९. जिन्याकडे ७.४ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ४४४ ठोके, चारने भागले की लय येते १११. बाईंनी तळपायांनी दोन्ही खणांची वारंवारता काढून ठेवली होती, आणि तीही माझ्या यंत्राआधी.

तत्कार, म्हणजे कथकमधलं तालावरचं पायांचं काम, आणि चालणं यांत इथेच मोठा फरक पडतो, आणि नाचाच्या क्लासला घरांचे नियम लावून भागत नाही ते यासाठी. चालताना आठ-नऊ हर्ट्झपर्यंत पोचतो तो धक्क्याचा चौथा, मरतुकडा अंश. तत्कारात पायच सेकंदाला नऊ वेळा पडतो. पूर्ण ठोका, तोही तळव्याचा, तोही वीस जणींचा एकदम, कारण एकदम पडला नाही तर ताई ओरडतात. चालणारी वीस माणसं एकमेकांची पावलं बरीचशी खाऊन टाकतात; वीस नाचणाऱ्या मुली त्यांची बेरीज करतात. शिवाय १३५ ही लय या मजल्याला सगळ्या बाजूंनी अडचणीची. दुगुनीला ठोके साडेचार, त्यांची दुप्पट ९. बराबरला सव्वादोन, त्यांची चौपट ९. चौगुनीला थेट ९. तिन्ही वेळा मजल्याला त्याच्याच लयीत काही ना काही मिळत राहतं. फक्त बराबरला ते इतकं थोडं असतं की कुणाला कळत नाही. जुन्या ब्रिटिश भारमानकात नाचण्या-उड्या मारण्याच्या मजल्यांसाठी ८.४ हर्ट्झचा उंबरठा होता. आमचे मधले खण त्याच्या वर आहेत, आणि तरी हलतात. कारण ते नियम लिहिताना डोळ्यांसमोर संगीतावर उड्या मारणारी गर्दी होती, तिची लय सेकंदाला दोन-तीनच्या पुढे जात नाही. चौगुनीतला तत्कार कुणाच्या डोळ्यांसमोर असणार?

त्या संध्याकाळी मोठ्या मुलींच्या बॅचला थांबवून घेतलं. १२०ची लय, मग १३५, मग १५०. १३५च्या चौगुनीला मधल्या खणात त्वरण गुरुत्वाच्या ५ टक्क्यांपर्यंत गेलं, आणि त्याच तुळया जिथवर पोचतात त्या शेजारच्या खोलीत २ टक्के. अमेरिकेतल्या पोलाद बांधकाम संस्थेची या विषयावर मार्गदर्शिका आहे. तिच्यात नाचणाऱ्यांना स्वतःला ४ ते ७ टक्के चालतात, शेजारी कुणी जेवत असेल तर दीड ते अडीच, आणि घरात किंवा कचेरीत शांत बसलेल्या माणसाला अर्धा टक्का. बघा, मजला एकच, आणि मुलींच्या दृष्टीने तो ठीक आहे, शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मालकांच्या मुलाच्या दृष्टीने चौपट वाईट. स्वतःच्या पायाने हललेलं कुणाला खुपत नाही. दुसऱ्याच्या पायाने हललेलं खुपतं. १२०ला तेच त्वरण साधारण तिसऱ्या हिश्शावर आलं.

“मग १२०लाच नाचवा,” मालक म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला.

जिन्याकडची तुळई उरली होती. गोण्यांखाली दुपटीने दबणारी, लय दीड हर्ट्झने खाली. माती, फळ्या, गाळा सगळं शेजारच्या तुळईसारखंच, मग फरक कशाने? मधल्या भागात मी हातोडीने ठोकत गेले तर खणखणीत आवाज. भिंतीपासून वीतभर अंतरावर आवाज बसला. मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्याने तो भाग पुसला. वरून लाकूड छान, तेलपाणी केलेलं, रेषा स्पष्ट. टोच्या लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो ओल्या, तपकिरी भुशासकट. भिंतीत गेलेलं टोक आतून कुजलं होतं. तुळई भिंतीत ९ इंच टेकलेली असायला हवी, ती शेवटच्या दीड-दोन इंचांवर तग धरून होती. बाहेरून बघितलं तर कारण समोरच होतं. त्याच जागी वरच्या पन्हळीचा सांधा सुटलेला आणि भिंतीवर हिरवा ओघळ.

धोका होता तो इथे. मधले खण हलत होते ते त्यांच्या लयीमुळे, आणि ते आणखी पिढीभर तसेच हलत राहिले असते तरी पडले नसते. जिन्याकडचा खण हलत होता तो आधार गेल्यामुळे. तळपायाला दोन्ही सारखेच वाटतात. दृश्य तपासणीत तर जिन्याकडचा खण जास्त चांगला दिसत होता, कारण तिथली तुळई अलीकडेच पॉलिश केलेली. एकाच खोलीत, एकाच मापाच्या तुळयांची वारंवारता एकमेकींशी ताडून बघणं मला यासाठी मोलाचं वाटतं. आकडा ८च्या वर की खाली याच्याइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, शेजारणीपेक्षा वेगळा का हे विचारायला हवं. ऑडिट करणारे कितीतरी लोक लाकडी मजल्याला हात न लावता त्याची वर्गवारी ठरवतात, याचा मला मनापासून राग येतो. टाच आपटायला पैसे पडत नाहीत.

आता उपाय. मालकांच्या ओळखीतल्या एका कंत्राटदाराने आधीच सुचवलं होतं, की माती काढून टाकू, प्लायवूड ठोकू, वर विनाइल, मजला हलका आणि टकाटक. पेठांत हल्ली हे सर्रास होतं आणि मी त्याच्या विरोधात का, ते नीट सांगते. माती आणि फरशी गेली की वजन ३५०वरून १००वर येतं. वारंवारता जवळजवळ दुप्पट होते, सोळाच्या पुढे, आणि कागदावर सगळे खूश होतात. पण प्रत्येक ठोक्याला उसळण्याचा वेग वजनाच्या उलट प्रमाणात चालतो, म्हणजे तोच पाय पडला की मजला साडेतीनपट जोराने दचकणार. मातीबरोबर डॅम्पिंगही निम्मं जातं. आवाज अडवायला काही उरत नाही, काकूंच्या डोक्यावर नगारा. असा हलका केलेला एका वाड्यातला कॅफे मी पाहिलाय. वेटर मधून गेला की टेबलावरच्या पाण्यात वर्तुळं उठतात. जड मजल्याचं दुखणं घालवून हलक्या मजल्याचं घ्यायचं, एवढंच होतं. माती काढायची वेळ येते ती तुळयाच ते वजन पेलत नसतील तर. इथे पेलत होत्या.

रबरी मॅट हाही सगळ्यांना सुचणारा उपाय. तळव्यांना आणि गुडघ्यांना बरा, खालच्या मजल्यावर टाचांचा खट् आवाज कमी जातो. पण मजला ज्या संथ लयीत हलतो तिला मॅट दाद देत नाही. ताईंना तर मॅट नकोच होती. घुंगरांखाली फरशी बोलली पाहिजे, म्हणाल्या.

गाळ्याच्या मधोमध खाली खांब दिला असता तर सगळं एका फटक्यात सुटलं असतं. काकूंना विचारलं. “अगं, माझ्या माजघरात खांब? आणि झोपाळा कुठे टांगू, तुझ्या ऑफिसात?” तो मार्ग बंद.

शेवटी अहवालात लिहिलं ते असं. आधी पन्हळ दुरुस्त करायची आणि भिंत वाळू द्यायची, बाकी सगळं त्यानंतर. जिन्याकडच्या तुळईचं कुजलेलं टोक भिंतीपर्यंत कापून टाकायचं आणि भिंतीला लागून खालून सागाचा खांब, त्यावर हस्त, म्हणजे तुळई पेलणारा आडवा लाकडी आधार, आणि त्यावर तुळई. तो कोपऱ्यात असल्याने काकूंनी हरकत घेतली नाही. ते होईपर्यंत टेकू, आणि त्या खणात कुणीही नाचायचं नाही, बराबरसुद्धा नाही. मधल्या तुळयांना दोन्ही बाजूंनी २ इंच जाडीच्या, पूर्ण उंचीच्या सागवानी पट्ट्या बोल्टने जोडायच्या. ८ इंचांची तुळई १२ इंचांची होते, ताठपणा दीडपट वाढतो, वजन नावापुरतं. कड्या तशाच राहणार असल्याने पूर्ण फायदा मिळत नाही, पण ९ हर्ट्झ साडेदहापर्यंत जातात. बोल्टची भोकं तुळईच्या पोटाजवळ पाडायची नाहीत, तिथे लाकूड ताणाखाली असतं. फळ्यांच्या फटींवर खालून पातळ सागवानी रिप, म्हणजे पोळीवर माती नाही. आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलींना खोलीच्या मधे न उभं करता दोन्ही लांब भिंतींपासून २-२ फुटांवर रांगेत उभं करायचं. १२ फुटी तुळईच्या त्या जागी मारलेला ठोका मधल्याच्या निम्माच लागू होतो. याला खर्च शून्य.

हे शेवटचं ताईंनी त्याच दिवशी अमलात आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप: फरक आहे, पण मुलींना आरशात आपण दिसत नाही म्हणून कुरकुर चाललीय.

मालकांना साडेदहाचा अर्थ समजावून सांगत होते तेव्हा ताई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. साडेदहा गुणिले साठ, भागिले चार. १५७. “म्हणजे माडी आता १५७ला हलणार,” त्या म्हणाल्या. “लहान बॅचला काही प्रश्न नाही. पण विशारदच्या मुली तिथवर जातात हो.” मी म्हटलं, त्या चौघीच आहेत ना, वीस नाहीत, आणि इतक्या द्रुत लयीत पाय फार उचललाही जात नाही, ठोका हलका पडतो. ते त्यांना पटलं, अर्धवट. पट्ट्या बसल्यावर त्या चौघींना घेऊन पुन्हा मोजायचं ठरलंय. सागाच्या पट्ट्यांची ऑर्डर गेली आहे, सुतार गणपतीनंतर मोकळे होतात.